कोण गैरहजर आहे आणि किती वेळ झाला? इन्फेक्शन आणि इम्युनॉलॉजीची उजळणी

मेडिकलच्या परीक्षेसाठी इन्फेक्शियस डिसीजेसची उजळणी बहुतेक जण जंतूंच्या यादीने सुरू करतात. ग्रॅम पॉझिटिव्ह कोकाय, मग बॅसिलाय, मग ग्रॅम निगेटिव्हची लांबलचक रांग, शेवटी व्हायरस आणि परजीवी. इम्युनॉलॉजी, म्हणजे प्रतिकारशक्तीचा अभ्यास, त्याच्याही शेवटी, वेळ उरला तर. विषय पहिल्यांदा शिकताना हा क्रम ठीक आहे. परीक्षेला तीन-चार आठवडे उरलेले असताना मात्र तो उलटा पडतो, कारण पेपरात जंतू स्वतःचं नाव सांगत येत नाही. येतो तो पेशंट. आठ महिन्यांचा मुलगा, दोन महिन्यांत तिसरा न्यूमोनिया, टॉन्सिल दिसत नाहीत. किंवा किडनी ट्रान्सप्लांटला तीन महिने झालेला माणूस, सल्फाची ॲलर्जी, ताप आणि कोरडा खोकला.

अशा प्रश्नात खरं तर दोनच गोष्टी विचारलेल्या असतात. शरीराच्या पहाऱ्यावरचं कोण गैरहजर आहे? आणि मूळ घटनेपासून किती वेळ झाला? या दोन प्रश्नांभोवती उजळणी बांधली की दोन्ही विषय एकत्र पक्के होतात आणि घोकायचा भाग बराच कमी होतो. पूर्ण संपत नाही. टॉक्सिनची आणि औषधांची नावं शेवटी पाठच करावी लागतात.

पाच रकान्यांचा कागद

एक कोरा कागद आडवा धरा आणि पाच रकाने आखा: अँटिबॉडी, टी सेल (बाकीच्या पेशींना इशारा देणाऱ्या पांढऱ्या पेशी), न्यूट्रोफिल (जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी), कॉम्प्लिमेंट (जंतूंवर चालणारी रक्तातली प्रोटीनं), प्लीहा. पुस्तक बंद. प्रत्येक रकान्याखाली तीन गोष्टी लिहायच्या: हा पहारेकरी नसेल तर कोणते जंतू आत येतात, तो जन्मतःच नसण्याचे आजार कोणते, आणि नंतर कोणत्या रोगाने किंवा औषधाने तो जातो. वीस मिनिटं. मग पुस्तक उघडून राहिलेलं दुसऱ्या रंगाच्या पेनाने भरा. तो दुसरा रंग म्हणजे उद्याचा अभ्यास.

अँटिबॉडीच्या रकान्यात कॅप्सूलवाले जंतू येतात, मुख्यतः न्यूमोकोकस आणि हिमोफिलस इन्फ्लुएन्झी. कॅप्सूल बुळबुळीत असते, अँटिबॉडीचं लेबल लागल्याशिवाय न्यूट्रोफिलला पकड मिळत नाही. आतड्यात जिआर्डिया आणि एन्टेरोव्हायरस. ब्रूटनच्या आजारात बीटीके जीन बिघडलेला असतो, अँटिबॉडीसाठी लागणाऱ्या बी सेल तयार होण्याच्या वाटेवरच अडकतात, म्हणून रक्तात सीडी१९ (बी सेलची खूण) जवळजवळ शून्य आणि टॉन्सिल, लिम्फ नोड नावापुरते. सुरुवात साधारण सहा महिन्यांनंतर, कारण तोवर आईकडून आलेलं आयजीजी (रक्तातल्या अँटिबॉडीचा मुख्य वर्ग) पुरत असतं. आयजीजीचं अर्धायुष्य सुमारे तीन आठवडे आहे, त्यामुळे चार-सहा महिन्यांत तो साठा तळाला जातो. प्रश्नात बाळाचं वय दिलेलं असतं ते याच कारणासाठी. पहिल्या दोन-तीन महिन्यांतच तोंडात पांढरा थर, जुलाब, वजन न वाढणं असेल, तर आईचं आयजीजी असूनही बाळ आजारी आहे. म्हणजे गडबड टी सेलमध्ये आहे. तिथे एससीआयडीचा (टी सेलचा जन्मजात, गंभीर आजार) विचार करा, एक्स-रेमध्ये थायमसची सावली शोधा, लिम्फोसाइट मोजा. अशा बाळाला बीसीजी किंवा रोटाव्हायरसची जिवंत लस द्यायची नाही, आणि रक्त द्यायचंच झालं तर इरॅडिएट केलेलं.

गोंधळ होतो तो ब्रूटन, सीव्हीआयडी आणि हायपर-आयजीएम या अँटिबॉडी कमी असण्याच्या तीन आजारांत. बी सेल नाहीत तो ब्रूटन. बी सेल बहुधा आहेत पण अँटिबॉडी कमी, आणि पेशंट बहुधा मोठा, तो सीव्हीआयडी. आयजीएम नॉर्मल किंवा वाढलेलं, बाकी सगळं खाली, तो हायपर-आयजीएम. त्याच्या नेहमीच्या प्रकारात टी सेलवरचा सीडी४० लिगँड नसतो, म्हणून बी सेलला अँटिबॉडीचा वर्ग (आयजीएमवरून आयजीजी, आयजीए) बदलायचा इशारा मिळत नाही. पण त्याच लिगँडने टी सेल मॅक्रोफेजलाही जागं करत असतो. म्हणून या मुलांना न्यूमोसिस्टिस (फुफ्फुसातली एक बुरशी) होतो. नुसता अँटिबॉडीचा आजार असता तर न्यूमोसिस्टिस आला नसता. असा एखादा 'मग हा जंतू इथे कसा?' हा प्रश्न स्वतःला विचारणं दहा फ्लॅशकार्डांपेक्षा जास्त कामाचं.

आयजीए नसलेले बहुतेक लोक ठणठणीत असतात. परीक्षेत ते येतात दोन कारणांनी: रक्त चढवल्यावर ॲनाफिलॅक्सिस (जीवघेणी ॲलर्जी), आणि सीलिॲकची (ग्लुटेनमुळे होणारा आतड्याचा आजार) आयजीए-टीटीजी चाचणी खोटी निगेटिव्ह. म्हणून त्या चाचणीबरोबर एकूण आयजीए मोजायचं.

न्यूट्रोफिलचा रकाना दोन भागांत लिहा: संख्या कमी, आणि संख्या आहे पण काम नाही. संख्या कमी म्हणजे बहुधा केमोथेरपी. ०.५ × १०⁹ प्रति लिटरच्या खाली आणि ताप, म्हणजे कल्चर घ्या आणि स्यूडोमोनासवर चालणारं अँटिबायोटिक तासाभरात सुरू करा. रिपोर्टची वाट पाहणारा पर्याय नेहमी चूक. काम नसण्याच्या आजारांत एकच प्रश्न विचारा: पू होतो का? एलएडीमध्ये (पांढऱ्या पेशी चिकटू न शकण्याचा आजार) सीडी१८ नसल्यामुळे न्यूट्रोफिल रक्तवाहिनीतून बाहेर पडूच शकत नाहीत. रक्तात ते प्रचंड, जखमेत एकही नाही, पू नाही, आणि नाळ महिना उलटला तरी पडत नाही. सीजीडीमध्ये (क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज) ते पोचतात, गिळतात, पण एनएडीपीएच ऑक्सिडेज नसल्यामुळे मारू शकत नाहीत. म्हणून गळवं आणि ग्रॅन्युलोमा. जंतू ठरलेले: स्टॅफ ऑरियस, सेराशिया, बर्खोल्डेरिया सेपेशिया, नोकार्डिया, ॲस्परजिलस. हे सगळे कॅटलेज पॉझिटिव्ह आहेत आणि कॅटलेज नसलेल्या जंतूचं स्वतःचं हायड्रोजन पेरॉक्साइड पेशीच्या उपयोगी पडतं, असं स्पष्टीकरण दिलं जातं. खरं चित्र इतकं सरळ नाही, कॅटलेज असणारे पुष्कळ जंतू या मुलांच्या वाटेलाही जात नाहीत. पण प्रश्नात 'कॅटलेज पॉझिटिव्ह' हा शब्द दिसला तर उत्तर सीजीडीच, तिथे वाद घालू नका. चाचणी डायहायड्रोरोडामीन फ्लो सायटोमेट्री. एनबीटी जुनी झाली, तरी पर्यायात अजून डोकावते.

कँडिडा ही बुरशी कुठल्या रकान्यात, यावर बरेच जण अडखळतात. दोन्हीकडे लिहा, पण जागा वेगळी. तोंडातला, अन्ननलिकेतला, योनीतला कँडिडा टी सेलच्या रकान्यात. रक्तात आणि यकृतात पसरलेला कँडिडा न्यूट्रोफिलच्या रकान्यात. म्हणूनच एचआयव्हीमध्ये थ्रश (तोंडातला कँडिडा) नेहमीचा, पण कँडिडिमिया (रक्तातला कँडिडा) केमोवाल्या पेशंटचा.

कॉम्प्लिमेंटचा रकाना छोटा आहे आणि गुण हमखास देतो. सुरुवातीचे सी१क्यू, सी२, सी४ नसले तर इम्यून कॉम्प्लेक्स साफ होत नाहीत, ल्युपससारखा आजार. सी३ नसला तर पू करणारे जंतू वारंवार. सी५ ते सी९ नसले तर निसेरिया, पुन्हा पुन्हा. सी१ इनहिबिटर नसला तर हेरेडिटरी अँजिओइडिमा: सूज आहे, पित्ताचे चट्टे नाहीत, खाज नाही, सी४ कमी, दोन झटक्यांच्या मधल्या काळातही. ती सूज ब्रॅडिकायनिनची असते, हिस्टॅमिनची नाही, म्हणून अड्रेनलिन, अँटिहिस्टॅमिन, स्टेरॉइड काहीच धड लागू पडत नाही. सी१ इनहिबिटर किंवा इकॅटिबँट द्यायचं. एसीई इनहिबिटर (ब्लड प्रेशरची गोळी) या पेशंटला कधीच नाही.

प्लीहा गेली की पुन्हा कॅप्सूलवाले, शिवाय कुत्रा चावल्यावर कॅप्नोसायटोफेगा, टिक चावल्यावर बॅबेसिया. स्मिअरमध्ये हॉवेल-जॉली बॉडी. ठरवून प्लीहा काढायची असेल तर लसी किमान दोन आठवडे आधी.

आता कागदाची तिसरी ओळ: पहारेकरी नंतर कशाने जातो. हल्ली प्रश्न जन्मजात आजारांपेक्षा औषधांवर जास्त येतात आणि रकाने तेच राहतात. एक्युलिझुमॅब सी५ अडवतं, म्हणजे पेशंट सी५ नसल्यासारखा झाला: मेनिंगोकोकसची लस आधी. इन्फ्लिक्सिमॅब टीएनएफ (पेशींमधला एक इशारा) अडवतं, ग्रॅन्युलोमा टिकवून धरायला टीएनएफ लागतो, तो गेला की झोपलेला टीबी उठतो: सुरू करण्याआधी सुप्त टीबीची चाचणी. रिटुक्सिमॅब बी सेलवरच्या सीडी२० वर चालतं, हिपॅटायटिस बी उसळतो, म्हणून आधी एचबीएसएजी आणि अँटी-एचबीसी (दोन्हींचा अर्थ पुढे) दोन्ही पाहायचे. पण प्लाझ्मा सेलवर सीडी२० नसतो, त्यामुळे आयजीजी लगेच कोसळत नाही, हा छोटा मुद्दा व्हायवात हमखास येतो. नॅटॅलिझुमॅबबरोबर जेसी व्हायरस आणि त्याने होणारा मेंदूचा आजार, पीएमएल. टोसिलिझुमॅब आयएल-६ अडवतं, आणि सीआरपी (इन्फेक्शनमध्ये वाढणारं प्रोटीन) यकृतात आयएल-६ च्या हुकमावर बनतं. म्हणून त्या पेशंटचं सीआरपी नॉर्मल आलं तरी सेप्सिस नाही असं म्हणता येत नाही.

एचआयव्ही हा टी सेलचा रकानाच, फक्त त्याला पायऱ्या आहेत. सीडी४ (मदतनीस टी सेलची संख्या, प्रति मायक्रोलिटर) दोनशेच्या खाली न्यूमोसिस्टिस, शंभराच्या खाली टॉक्सोप्लाझ्मा आणि क्रिप्टोकोकस, पन्नासच्या खाली सीएमव्ही या व्हायरसचा रेटिनायटिस आणि एमएसी (टीबीच्या कुळातला जंतू). टीबी आणि न्यूमोकोकस कुठल्याही पायरीवर. चूक होते ती अशी: सीडी४ ४५० असलेल्या पेशंटच्या न्यूमोनियाला न्यूमोसिस्टिसचं उत्तर दिलं जातं, केवळ एचआयव्ही शब्द वाचून. आकडा आधी वाचा. न्यूमोसिस्टिसमध्ये छाती ऐकायला जवळजवळ साफ, चालवल्यावर ऑक्सिजन घसरतो, एलडीएच वाढलेलं. कोट्रायमॉक्सॅझोलबरोबर स्टेरॉइड कधी? साध्या हवेत धमनीतला ऑक्सिजन ७० एमएमएचजीच्या खाली असेल तेव्हा.

घड्याळ

दुसरा कागद वेळेचा. एक आडवी रेघ, मिनिटांपासून वर्षांपर्यंत, आणि तिच्यावर खुणा.

डाव्या टोकाला ॲनाफिलॅक्सिस. प्रौढाला १:१००० अड्रेनलिन ०.५ मिली, म्हणजे ०.५ मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत, गरज वाटली तर पाच मिनिटांनी पुन्हा. परीक्षेत लोक कार्डियाक अरेस्टच्या डोसशी गल्लत करतात. तो १:१०००० चा १० मिली, शिरेतून. ट्रिप्टेज (ॲलर्जीत मास्ट सेलमधून सुटणारं एन्झाइम) साधारण एक-दोन तासांत कळसाला जातं आणि दिवसभरात खाली येतं, म्हणून नमुना लवकर घ्यायचा आणि नंतर तुलनेसाठी दुसरा. हिस्टॅमिन तासाभरात नाहीसं होतं, म्हणून ते मोजत बसत नाहीत.

पुढे काही तासांवर आर्थस (इम्यून कॉम्प्लेक्समुळे एकाच जागी सूज), ४८ ते ७२ तासांवर टाइप फोर (टी सेलची उशिराची प्रतिक्रिया), एक ते दोन आठवड्यांवर सीरम सिकनेस (इम्यून कॉम्प्लेक्सच, पण अंगभर). हायपरसेन्सिटिव्हिटीचे (प्रतिकारशक्तीच्या अतिरेकी प्रतिक्रियेचे) चार प्रकार व्याख्येने पाठ करण्यापेक्षा या रेघेवर टाकले तर नव्या औषधानंतर कधी पुरळ आला एवढ्यावरून निम्मं उत्तर मिळतं. अपवाद आहेत, पण प्रश्न काढणारा अपवादाची खूण सोडतोच.

घशाचं इन्फेक्शन आणि लाल लघवी: एक-दोन दिवसांत आली तर आयजीए नेफ्रोपॅथी, एक ते तीन आठवड्यांनी आली तर पोस्ट-स्ट्रेप्टोकॉकल, आणि तिच्यात सी३ कमी. त्वचेच्या इन्फेक्शननंतर हे अंतर आणखी वाढतं, तीन ते सहा आठवडे.

जेवणानंतरच्या उलट्या-जुलाबांचं सगळं गणित तासांचं आहे. एक ते सहा तासांत उलट्या म्हणजे टॉक्सिन आधीच अन्नात तयार होतं: स्टॅफ ऑरियस, किंवा परत गरम केलेल्या भातातला बॅसिलस सेरियस. आठ ते सोळा तासांत पोटात मुरडा आणि जुलाब म्हणजे टॉक्सिन आतड्यात बनलं: क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स, किंवा सेरियसचाच दुसरा प्रकार. त्यानंतर ताप घेऊन येणारा साल्मोनेला, आणखी पुढे दोन ते पाच दिवसांवर कॅम्पायलोबॅक्टर. आठवडाभराने किंवा अधिक वेळाने, फुगलेलं पोट आणि तेलकट शौच, जिआर्डिया. अन्नाचं नाव फसवतं, तास फसवत नाहीत.

टायफॉइडमध्ये पहिल्या आठवड्यात ब्लड कल्चर, दुसऱ्यात विडाल (अँटिबॉडीची चाचणी), नंतर शौच आणि लघवीचं कल्चर. बोन मॅरोचं कल्चर सगळ्यांत संवेदनशील, आणि अँटिबायोटिक सुरू झाल्यावरही उपयोगी. विडाल पाचव्या दिवशी निगेटिव्ह आली म्हणून टायफॉइड नाही असं लिहिणाऱ्याचे गुण जातात, आणि जावेतच.

डेंग्यूची रेघ वेगळी काढण्याजोगी, कारण तिथे दोन्ही प्रश्न एकत्र येतात. एनएस१ (व्हायरसचं प्रोटीन) पहिल्या दिवसापासून, आयजीएम साधारण पाचव्या दिवसापासून. धोक्याची वेळ ताप उतरताना, तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान: प्लेटलेट खाली, हिमॅटोक्रिट वर, पोट दुखतंय, उलट्या थांबत नाहीत. ताप गेला म्हणून घरी पाठवणारा पर्याय त्यासाठीच ठेवलेला असतो. दुसऱ्यांदा वेगळ्या सीरोटाइपचा डेंग्यू जास्त गंभीर का? जुनी अँटिबॉडी नव्या व्हायरसला चिकटते पण निकामी करू शकत नाही, आणि मॅक्रोफेज एफसी रिसेप्टरने तीच अँटिबॉडी धरून व्हायरसला घरात घेतो. पहारेकरी हजर आहे, पण दार तोच उघडतो.

ट्रान्सप्लांटची रेघ: पहिला महिना हॉस्पिटलचा (जखम, कॅथेटर, न्यूमोनिया), एक ते सहा महिने संधिसाधूंचे (सीएमव्ही, न्यूमोसिस्टिस, किडनीत बीके व्हायरस), सहा महिन्यांनंतर बहुतांशी बाहेरच्या जगातले. सुरुवातीच्या पेशंटला सल्फाची ॲलर्जी का लिहिली होती ते आता कळेल: त्याला कोट्रायमॉक्सॅझोल मिळालेलं नसणार. सीएमव्हीचा सर्वाधिक धोका डोनर पॉझिटिव्ह आणि घेणारा निगेटिव्ह असताना. हे उलटं लक्षात ठेवणारे दर बॅचला निघतात.

चाचणी नेमकं काय पाहते

हिपॅटायटिस बीचा तक्ता पाठ करू नका, चार वाक्यं पाठ करा. एचबीएसएजी म्हणजे व्हायरस आता अंगात आहे. अँटी-एचबीएस म्हणजे संरक्षण आहे. अँटी-एचबीसी म्हणजे खऱ्या व्हायरसशी गाठ पडली होती. त्यातलं आयजीएम म्हणजे गाठ नुकतीच पडली. लसीत फक्त एस अँटिजेन असतो, त्यामुळे लस घेतलेल्याला अँटी-एचबीसी येणारच नाही. सहा महिने उलटूनही एचबीएसएजी टिकला तर क्रॉनिक. एस अँटिजेन मावळला आणि त्याची अँटिबॉडी अजून दिसत नाही, तो विंडो; तिथे आयजीएम अँटी-एचबीसी एकटंच सापडतं. यातून कुठलाही रिपोर्ट सोडवता येतो. ई अँटिजेन शेवटी जोडा: व्हायरस जोरात वाढतोय, संसर्ग जास्त पसरतो.

मांटू ही टीबीची त्वचेवरची चाचणी म्हणजे टाइप फोर. ०.१ मिली, त्वचेच्या थरात, ४८ ते ७२ तासांनी वाचायची, आणि मोजायचा तो कडकपणा, लाली नाही. ५, १०, १५ मिमी या तीन मर्यादा धोक्याप्रमाणे. एचआयव्ही असेल तर ५. बीसीजीमुळे खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. गोवर, स्टेरॉइड, एचआयव्ही आणि अंगभर पसरलेला टीबी यांत खोटी निगेटिव्ह येते, कारण टी सेलच गप्प असतात. आयजीआरए या टीबीच्या रक्तचाचणीतले ईएसएटी-६ आणि सीएफपी-१० हे अँटिजेन बीसीजीच्या जंतूत नसतात, म्हणून तिथे लसीचा अडथळा नाही. पण सुप्त टीबी आणि चालू टीबी यांतला फरक दोन्ही चाचण्या सांगू शकत नाहीत, आणि नेमका तोच पर्याय मोहात पाडतो.

मेनिंजायटिसच्या सीएसएफमध्ये (मेंदू आणि मणक्याभोवतीचं पाणी) आधी ग्लुकोज पाहा, मग पेशी. ग्लुकोज रक्तातल्याच्या ४० टक्क्यांहून कमी आणि न्यूट्रोफिल: बॅक्टेरिया. ग्लुकोज कमी आणि लिम्फोसाइट: टीबी किंवा फंगस. ग्लुकोज नॉर्मल आणि लिम्फोसाइट: व्हायरस. आता फसवणुकी. व्हायरल आणि टीबी दोन्हींत अगदी सुरुवातीला न्यूट्रोफिल असू शकतात. गालगुंडाच्या मेनिंजायटिसमध्ये ग्लुकोज कमी येऊ शकतं. आधीच अँटिबायोटिक मिळालं असेल तर कल्चर कोरं येतं, पण पेशी आणि प्रोटीन लगेच नॉर्मल होत नाहीत. एचआयव्हीमधल्या क्रिप्टोकोकसमध्ये पेशी नाममात्र, पण सुई घातल्यावर दाब मोठा; दाबाचा आकडा दिला असेल तर तो सजावटीसाठी नाही. हर्पिस एन्सेफलायटिसची पीसीआर पहिल्या तीन दिवसांत निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून तेवढ्यावर असायक्लोव्हिर बंद करायचं नाही.

मेनिंजायटिसच्या उपचाराची एकच ओळ पक्की करा: सेफ्ट्रिॲक्झोन, आणि बॅक्टेरियल वाटत असेल तर पहिल्या डोसच्या आधी किंवा त्याच्याबरोबर डेक्सामेथासोन. वय पन्नाशीपुढे, गरोदर, किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल तर ॲम्पिसिलिन वाढवा, कारण लिस्टेरियावर कुठलंच सेफॅलोस्पोरिन भरवशाचं नाही.

एकच आजार निवडायचा तर लेप्रसी

वेळ अगदी कमी असेल आणि इम्युनॉलॉजी एका आजारातून उजळायची असेल, तर लेप्रसी, म्हणजे कुष्ठरोग, घ्या. जंतू तोच, पण पेशंटची टी सेल कुठल्या दिशेने गेली त्यावर चित्र पालटतं. टीएच१ (मॅक्रोफेजला जागं करणाऱ्या टी सेल) जोरात, म्हणजे आयएल-१२, इंटरफेरॉन गॅमा, जागे झालेले मॅक्रोफेज: ट्यूबरक्युलॉइड. एक-दोन बधिर चट्टे, जंतू जवळजवळ नाहीत, लेप्रोमिन ही त्वचेवरची चाचणी पॉझिटिव्ह. टीएच२ (अँटिबॉडी बनवायला मदत करणाऱ्या टी सेल) कडे झुकाव: लेप्रोमॅटस. दोन्ही बाजूंना सारखे पसरलेले चट्टे आणि गाठी, जंतूंचे पुंजके, अँटिबॉडी भरपूर पण निरुपयोगी, लेप्रोमिन निगेटिव्ह. पेशीच्या आत बसलेल्या जंतूवर अँटिबॉडी का चालत नाही, याचं याहून चांगलं उदाहरण नाही.

त्यात रिॲक्शन दोन. टाइप वन म्हणजे हायपरसेन्सिटिव्हिटी फोर: बॉर्डरलाइन पेशंट, जुनेच चट्टे लाल होऊन सुजतात, नस दुखते. टाइप टू म्हणजे ईएनएल, इम्यून कॉम्प्लेक्सचा खेळ: लेप्रोमॅटस बाजूचा पेशंट, ताप, नव्या जागी दुखऱ्या गाठी, डोळे लाल. रिॲक्शनचे आकडे आणि हायपरसेन्सिटिव्हिटीचे आकडे जुळत नाहीत, आणि प्रश्न तिथेच बसवलेला असतो. दोन्हींत एमडीटी (लेप्रसीचा अनेक औषधांचा उपचार) चालू ठेवायची. नस वाचवायला स्टेरॉइड, आणि ईएनएलमध्ये थॅलिडोमाइडही, पण गर्भधारणेची शक्यता असेल तर नाही.

जे घोकावंच लागतं

एमएचसी (पेशीवर अँटिजेन दाखवणारं प्रोटीन) कुठला कुणाला दाखवतो, हे आठच्या गुणाकारात: एमएचसी १ × सीडी८ आणि एमएचसी २ × सीडी४. टॉक्सिन जोड्यांनी लिहा, सुटे नकोत. कॉलरा जीएस (सीएएमपी वाढवणारं प्रोटीन) चालू ठेवतो, पर्टुसिस जीआय (सीएएमपी रोखणारं) बंद पाडतो, दोन्हींत सीएएमपी वाढतं. टिटॅनस ग्लायसीन आणि गाबा थांबवतो, म्हणून शरीर ताठ. बॉट्युलिनम ॲसिटिलकोलिन थांबवतो, म्हणून लुळं. दोघे कापतात ते स्नेअर प्रोटीनच. डिफ्थेरिया ईएफ-२ अडवतो आणि पेशीचं प्रोटीन बनणं थांबतं.

टीबीच्या चार औषधांचे दुष्परिणाम एका ओळीत: आयसोनियाझिड हातापायांच्या नसा (पायरिडॉक्सिन द्या), रिफॅम्पिसिन केशरी लघवी आणि इतर औषधं निकामी, पायराझिनामाइड युरिक ॲसिड, इथॅम्ब्युटॉल डोळे, आधी लाल-हिरवा रंग. यकृत पहिल्या तिघांचं.

लसींची यादी करताना जिवंत आणि मृत एवढ्यावर थांबू नका. नुसत्या पॉलिसॅकराइडला टी सेलची मदत मिळत नाही, म्हणून दोन वर्षांखालच्या मुलात तिचा उपयोग होत नाही आणि स्मृतीही धड राहत नाही. तेच पॉलिसॅकराइड प्रोटीनला जोडलं की टी सेल मदतीला येते. कॉन्ज्युगेट लस एवढीच गोष्ट आहे, आणि परीक्षेत ती निरनिराळ्या वेषांत फिरते.

कागद ते पेपर

पहिले चार दिवस रोज पाच रकाने आणि घड्याळ, कोऱ्या कागदावर. पाचव्या दिवसापासून प्रश्न, चाळीसचा एक संच, घड्याळ लावून, सगळे विषय मिसळलेले. एकाच धड्याचे सलग चाळीस सोडवले की उत्तर शीर्षकातूनच कळतं आणि खोटा आत्मविश्वास येतो. तपासायला सोडवण्याच्या दुप्पट वेळ ठेवा, आणि बरोबर आलेल्यांपैकी अंदाजाने टिकलेलेही तपासा.

चुकांची वही तीन भागांत: माहीत नव्हतं, गल्लत झाली, प्रश्न नीट वाचला नाही. पहिल्या भागासाठी पुस्तक. तिसऱ्यासाठी वय, सीडी४, दिवस आणि औषधं यांखाली रेघ मारायची सवय. मधला भाग सगळ्यांत मौल्यवान आणि तिथे पुन्हा वाचून काही होत नाही, कारण दोन्ही गोष्टी येतच असतात, फक्त एकमेकींत मिसळतात. त्यासाठी जोडकार्ड करा: पुढे दोन नावं, मागे फरक करणारी एकच खूण. एलएडी आणि सीजीडी: पू. टॉक्सोप्लाझ्मा आणि सीएनएस लिम्फोमा: बहुधा अनेक गाठी विरुद्ध बहुधा एक, आणि लिम्फोमात सीएसएफमध्ये ईबीव्ही व्हायरस. मागे दोन ओळींपेक्षा जास्त मजकूर गेला तर कार्ड फाडा. ही कार्डं दुसऱ्या, चौथ्या, आठव्या आणि सोळाव्या दिवशी. तीनदा चुकलेलं कार्ड पाठ करू नका, त्यामागची यंत्रणा कळलेली नाही असं समजा आणि रकान्यांच्या कागदाकडे परत जा.

म्नेमोनिक बेताने. पाचपेक्षा जास्त अक्षरांचं असेल तर परीक्षेत अक्षरं आठवतात, अर्थ नाही.

शेवटच्या संध्याकाळी फक्त आकड्यांचा कागद, आणि प्रत्येक आकड्यापुढे एकक. न्यूट्रोफिल ०.५ × १०⁹ प्रति लिटर म्हणजेच ५०० प्रति मायक्रोलिटर. ग्लुकोज मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये असेल तर १८ ने भागून मिलिमोल. सीएसएफ आणि रक्त यांची तुलना करताना दोन्ही आकडे एकाच एककात आहेत ना, ते पेन ठेवण्याआधी एकदा पाहा.